शेऱ्याचा रकाना

अक्काताईंना खोलीबाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं.

"पुण्याहून प्राध्यापक आलेत, अक्का. आत नातेवाईक नकोत म्हणतात. तीनच तासांचा प्रश्न आहे," मी म्हणाले.

"मी काय बोलणार न्हाई की. कोपऱ्यात बसतो गप."

"तुम्ही बोलणार नाही हो. पण चाचणीचा नियम आहे."

त्यांनी पलंगावरच्या लेकीकडे पाहिलं. राजमतीच्या डोक्यावर एकवीस वायरी चिकटवून वरून पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. ती हसली. "जा गं आई. मशीन हाय की," असं म्हणून तिने समोरच्या टेबलावरच्या पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर एक मोठा हिरवा चौकोन होता.

अक्काताई कापडी पिशवी उचलून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. त्या बाई कुरकुरल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं.

हे एकोणीसशे नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीतलं, मिरजेतल्या एका इस्पितळातलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, पुण्याला पदार्थविज्ञानात पीएचडी करत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. हुशार असण्याबद्दल माझी तक्रार नाही, समजण्याबद्दल आहे.

माझं काम थोडक्यात असं होतं. फिट येणाऱ्या माणसाला ती कधी येणार हे आधी सांगता आलं, तर तो निदान रस्ता ओलांडणार नाही, चुलीपाशी बसणार नाही. मेंदूतल्या विजेच्या लाटा कागदावर पाहिल्या तर नुसता गोंधळ दिसतो. पण त्या गोंधळाचंही माप काढता येतं. निरोगी मेंदूत गोंधळ भरपूर असतो, प्रत्येक भागाचं आपलं वेगळं काहीतरी चाललेलं असतं. फिट यायच्या आधी काही मिनिटं हे सगळे भाग हळूहळू एका ठेक्यात येऊ लागतात आणि गोंधळाचा आकडा उतरतो, असं आमचं म्हणणं होतं. आकडा ठरावीक मर्यादेच्या खाली पाच मिनिटं राहिला की माझा प्रोग्रॅम चौकोन लाल करायचा.

अक्काताईंना हे मी पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे सगळी एका सुरात आली की वाईट?"

"हो."

"मग आमच्या घराला काय भ्या न्हाई," त्या म्हणाल्या. तीन मुलगे वेगळे निघालेले होते.

जयसिंगपूरजवळच्या खेड्यातलं हे जैन कुटुंब, चौगुले. वडील वारलेले. राजमती सव्वीस वर्षांची, बी. ए. झालेली. घरी पोरांच्या शिकवण्या घ्यायची. गावातल्या शाळेत तिला नोकरी मिळत होती, पण हेडमास्तर म्हणाले, वर्गात पडलीस तर मुलं घाबरतील. सातव्या वर्षापासून फिट येत होती आणि सगळी औषधं करून झाली होती. नुसती औषधं बदलायची असती तर अक्काताई आल्याच नसत्या. त्या कशासाठी आल्या ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

"मला त्रेसष्ट सरलं. साखर हाय, दम लागतोय. हाय तोवर मी बघतो. माझ्यामागं हिला कोण सांगणार, की बाई, खाली बस म्हणून? भावजया सांगणार हायत व्हय? तुमचं मशीन सांगत असलं तर मी सुखानं डोळं मिटीन."

"सांगेल," मी म्हणाले. या एका शब्दाबद्दल मी कधी स्वतःला माफ केलेलं नाही. विज्ञानात कोणी असं बोलत नाही.

अर्थात तेव्हा तसं बोलायला कारण होतं. डॉक्टर हेर्लेकरांनी औषध थोडं कमी करून राजमतीला एकोणीस दिवस दाखल करून घेतलं होतं. तेवढ्यात अकरा फिट आल्या. त्यांतल्या नऊ माझ्या प्रोग्रॅमने दहा ते वीस मिनिटं आधी ओळखल्या, दोन चुकवल्या आणि खोटी हाक, म्हणजे फिट नसताना लाल चौकोन, फक्त एकदा दिली. असे आकडे मी तोवर कुठल्याही निबंधात वाचले नव्हते. पुण्याला माझ्या सरांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आकडे दोनदा पुन्हा सांगायला लावले.

आणि हे सगळं मी पेशंटकडे न बघता केलं होतं, याचा मला विशेष अभिमान होता. मी पलीकडच्या खोलीत बसायचे. खोलीतल्या कॅमेऱ्याच्या कॅसेटी कपाटात नुसत्या रचून ठेवलेल्या होत्या. बघितलं की मन एका बाजूला कलतं आणि आपल्याला हवं तेच आकड्यांत दिसायला लागतं, असं सर म्हणायचे. त्यामुळे मी फक्त आकडे घ्यायचे. यंत्रावरचे टेक्निशियन मुजावर जुन्या वळणाचे होते. सगळं संगणकात जात असूनही ते एक लांबलचक रजिस्टर भरायचे. तारीख, वेळ, पेशंट झोपली, उठली, जेवली, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

"मॅडम, रजिस्टर बघणार का?" एकदा त्यांनी विचारलं.

"नको मुजावर, मी मुद्दाम बघत नाही."

"बरं," ते म्हणाले आणि टोपण बंद करून पेन खिशाला लावलं.

शेवटचे चार दिवस प्रोग्रॅम थेट चालवून पाहिला. राजमतीला दिसावा म्हणून चौकोनाचा पडदा तिच्या खोलीत ठेवला होता. त्या चार दिवसांत दोन फिट आल्या, दोन्ही वेळा चौकोन आधी लाल झाला होता. राजमतीचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती पडद्याकडे अशी बघायची की जणू घरातलं कुणीतरी परगावाहून आलंय.

तर प्राध्यापक आले तो दिवस. दोघे होते. त्यांच्या सहीवर पुढचं अनुदान होतं आणि बहुधा माझी पदवीही. ते राजमतीच्या खोलीत खुर्च्या टाकून बसले, मीही तिथेच उभी. ते तिला प्रश्न विचारत होते, ती उत्तरं देत होती. दीड तास हिरवा चौकोन हलला नाही. त्यांच्यासाठी पाणी आणायला मी बाहेर गेले तर अक्काताई बाकावरून उठून दाराशी उभ्या होत्या.

"ताई, मला आत सोडा. तिला येणार हाय."

"काय येणार?"

"फिट. आवाज ऐकला मी. तिचा आवाज जड झालाय."

मी दार ढकलून पडद्याकडे पाहिलं. हिरवा. आकडाही पाहिला, नेहमीपेक्षा चांगलाच होता.

"अक्का, मशीन काही म्हणत नाहीये. बसा तुम्ही निवांत."

"मशीनचं ऱ्हाऊ द्या वो. मला नुसतं तिच्यापाशी बसू द्या."

"चाचणी मोडेल, अक्का. वीस दिवसांची मेहनत आहे. तुमच्याचसाठी चाललंय ना हे सगळं?"

हे शेवटचं वाक्य मी त्यांना गप्प करायला वापरलं आणि त्या गप्प झाल्या. पाणी घेऊन मी आत आले. दहा-बारा मिनिटांनी राजमती म्हणाली, "ताई, बाथरूमला जाऊन येतो. हिरवाच हाय न्हवं? एकटीच जातो."

सातव्या वर्षापासून तिने बाथरूमच्या दाराला कडी लावलेली नव्हती. आई दाराशी उभी असायची, दार अर्धं उघडं. हे मला ठाऊक होतं, तिनेच सांगितलं होतं. म्हणूनच दोन प्राध्यापकांसमोर मी थोडं मोठ्याने म्हणाले, "जा. आतून कडीसुद्धा लाव."

यंत्रापाशी बसलेल्या मुजावरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि वायरींची पेटी सोडवून तिच्या हातात दिली. ती गेली. कडी लागल्याचा आवाज आला. प्राध्यापकांपैकी एकजण हसून म्हणाला, "आत्मविश्वास आहे हो तुमचा."

मग आतून आवाज आला. तो काय होता हे सांगायची गरज नव्हती. मुजावर पन्नाशी उलटलेले, पण त्यांनी खांद्याने दार दोन धडकांत उघडलं. आणि माझ्याआधी, त्या प्राध्यापकांच्याही आधी, अक्काताई आत पोहोचल्या होत्या. त्यांनी राजमतीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला पदर सारला आणि तिचं अंग थांबेपर्यंत तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिल्या. हनुवटीला सहा टाके पडले. पुढचा दात अर्धा तुटला.

अक्काताई मला एक अक्षर बोलल्या नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुजावरांकडे रजिस्टर मागितलं. त्यांनी ते आधीच टेबलावर काढून ठेवलं होतं. मी शेऱ्याचा रकाना वाचायला लागले.

सहा तारीख, दुपारी दोन दहा : आई थोपटते. दोन बत्तीस : फिट. आठ तारीख, अकरा पाच : आई थोपटते. अकरा बावीस : फिट. असं नऊ वेळा. मी माझ्या लाल चौकोनांच्या वेळा शेजारी मांडल्या. प्रत्येक वेळी अक्काताईंनी थोपटायला सुरुवात केल्यानंतर सहा-सात मिनिटांनी माझा चौकोन लाल झालेला होता.

ज्या दोन फिट मी चुकवल्या त्या संध्याकाळच्या सहाच्या सुमाराच्या होत्या. दोन्हींसमोर शेरा होता : आई जेवायला गेली. जैन लोक सूर्य मावळायच्या आत जेवतात. अक्काताई रोज साडेपाचला मिरजेतल्या नातेवाइकांकडे जाऊन जेवून यायच्या.

खोटी हाक एकच होती, चौदा तारखेची. तिथे मुजावरांनी लिहिलं होतं : पेशंट रडली, आई थोपटते.

मी कपाटातून कॅसेट काढून पहिल्यांदा लावली. राजमती कुशीवर पडलेली, अक्काताई स्टुलावर बसून तिच्या खांद्यावर थोपटतायत. एका लयीत, न थकता. पलंग त्या लयीत हलत होता, मानेमागच्या वायरी हलत होत्या. गोंधळाचा आकडा उतरणारच. मी वीस दिवस मेंदूचा ठेका म्हणून जे मोजलं तो अक्काताईंच्या हाताचा होता.

"तुम्ही मला बोलला का नाहीत, मुजावर?"

"रजिस्टर बघणार का विचारलं होतं, मॅडम," ते म्हणाले. मग रजिस्टर मिटत, "मला वाटलं, तुमचा प्रोग्रॅम ते वगळत असंल. एवढं शिकलेली माणसं तुम्ही."

हेर्लेकर डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मिस टिपणीस, हे रजिस्टर काही प्रबंधाचा भाग नाही. तुम्ही बघितलं नसतं तर?" ते मला मार्ग काढून देत होते. मला तो घ्यावासा वाटला नाही असं मी म्हणणार नाही. दुपारभर वाटत होतं. संध्याकाळी पुण्याला सरांना फोन करून सगळं सांगितलं. त्या क्षणी माझ्या पदवीची चार वर्षं बुडाली. पुढे दुसऱ्याच विषयावर ती मिळाली, उशिरा, पण त्याबद्दल इथे सांगण्यासारखं काही नाही.

फोनपेक्षा अवघड काम राहिलं होतं. अक्काताई साडेपाचच्या जेवणाला गेल्या नव्हत्या, लेकीपाशीच बसल्या होत्या. मी स्टूल ओढून समोर बसले.

"अक्का, मशीनला काही कळत नव्हतं."

"काल बघितलं की."

"काल नाही. कधीच नाही. तुम्ही हिला थोपटायला लागलात की पलंग हलायचा. मशीनला तेवढंच समजायचं. तुमचा हात."

त्यांना ते कळायला वेळ लागला नाही. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि मांडीवर ठेवला.

"उगंच थोपटत नव्हतो मी. सव्वीस वर्षांची घोडी झालीय, उगंच कशाला थोपटू? येणार असं वाटलं की मग थोपटायचं, लहानपणापासनं. तेवढीच धास्ती कमी."

"वाटतं म्हणजे काय होतं, अक्का? काय दिसतं तुम्हाला?"

"काय दिसतंय? कळतंय."

"काल आवाज म्हणालात."

"काल भिंतीआड होतो, म्हणून आवाज. एरवी आवाजच असतोय असं न्हाई."

टाक्यांमुळे राजमतीला बोलायला त्रास होत होता. तरी ती म्हणाली, "ताई, चौकोन लाल व्हायच्या आधीच आई थोपटायला लागायची. मला वाटलं, दोघांनाबी कळतंय."

अक्काताई म्हणाल्या, "मग माझ्यामागं?"

त्यांनी हे भांडून विचारलं नाही. बसची वेळ विचारावी तसं विचारलं. पहिल्या दिवसासारखं काहीतरी ठोकून द्यायची हिंमत उरली नव्हती.

"माहीत नाही, अक्का."

त्यांना घरी सोडायला अजून दोन दिवस होते. ते दोन्ही दिवस आम्ही चौघं कॅसेटी बघत बसलो. मी कॅसेट मागे नेई, अक्काताईंचा हात खांद्यावर पडायच्या आधीची पाच मिनिटं पुन्हा पुन्हा लावी आणि विचारी, "इथे काय बघितलंत?" त्या पडद्याला नाक लावून बघत. "ही बघा, बोलायची थांबली." पुढच्या कॅसेटमध्ये ती भरभर बोलत असायची. "चादर सारखी करतीया बघा." तिसऱ्या कॅसेटमध्ये चादरीला हातही नाही. शेवटी त्या वैतागल्या. "अवो ताई, पेटीत न्हाई कळत. ही हितं पाहिजे, हाताखाली." मुजावरांनाही काही दिसलं नाही. राजमती आईचं बघून बघून स्वतःचाच चेहरा निरखत होती आणि तिला सगळ्यात कमी दिसत होतं.

निघताना अक्काताईंनी मला पिशवीतून शेंगाचटणीची पुडी काढून दिली. मी नको म्हणाले तर म्हणाल्या, "घ्या. खरं सांगितलंसा." त्या पुडीने मला जितकं रडवलं तितकं पदवी बुडाल्याने रडवलं नव्हतं.

त्यानंतर मी ते क्षेत्र सोडलं. कॉलेजात शिकवायला लागले. राजमतीचं वर्षातून एखादं पत्र येई, नंतर तेही थांबलं.

आठ वर्षांनी एका रविवारी सकाळी घरच्या फोनवर तिचा आवाज आला. नंबर तिने माझ्या जुन्या विभागातून मिळवला होता.

"ताई, आई गेली. दोन वर्षं झाली."

मी जे बोलतात ते बोलले. मग भीतभीत विचारलं, "तू कशी आहेस? एकटीच असतेस?"

"एकटीच. शिकवण्या चालू हायत. पहिलं वर्ष लई वाईट गेलं, सारखी पडत होतो. हात मोडला एकदा. ते सांगायला न्हाई फोन केला." मग म्हणाली, "ताई, तुम्हीच हसणार न्हाई म्हणून तुम्हाला सांगतो. गेल्या दिवाळीत कुकरला भात लावलेला, खाली बसून भाजी निवडत होतो. बघतो तर माझा डावा हात माझ्याच मांडीवर थोपटतोय. मी करत नव्हतो, आपापलाच. आईवानी. मी विळी लांब सारली, गॅस बंद केला आणि आडवी झालो. आणि आली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "किती वेळाने?"

"घड्याळ न्हाई बघितलं. पण गॅस बंद केला तेव्हा एकच शिट्टी झालेली. उठून बघितलं तर भात कच्चा आणि गार."

"नंतर परत झालं असं?"

"पाच वेळा. हात चालू झाला की मी पोरांना सांगतो, आज एवढंच, जावा घरी. आणि खाली पडून ऱ्हातो."

"कधी चुकलं?"

पलीकडे पोरांचा पाढे म्हणायचा आवाज येत होता.

"एकदा चुकलं. हात बराच वेळ चालला, पण फिट आली न्हाई. त्या दिवशी नुसतंच रडू येत होतं."

टेबलावर मुलांच्या तपासायच्या वह्या होत्या. त्यांतल्या एकीच्या मागच्या पानावर मी तारीख घातली, वेळ घातली, उजवीकडे एक रेघ मारून रकाना पाडला आणि त्यात लिहिलं : पेशंट रडली, आई थोपटते.